बंडलातली वरची नोट

१२ सप्टेंबर, गुरुवार

ही वही केयासाठी आणली होती. तिला रेघांची नको, कोऱ्या पानांची हवी होती. तेव्हा आता माझी.

सकाळी साडेसातपासून दुपारी तीनपर्यंत या घरात बोलायला कोणी नसतं. गिरीश ऑफिसला, केया शाळेला. अमेरिकेत, बॉथेलला येऊन अकरा वर्षं झाली. त्यातली निदान नऊ मी सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात काढली असतील, तिथला स्पंज माझ्या मापाने खचलाय. नवऱ्याच्या व्हिसाला जोडून जो व्हिसा बायकोला मिळतो त्यावर स्वयंपाक करता येतो, नोकरी नाही. हे मी इतक्या लोकांना इतक्यांदा सांगितलंय की आता विनोद म्हणूनच सांगते.

पण आज लिहायला कारण आहे. शनिवारच्या बाजारात टोमॅटोवाल्याने सुट्टे दिले, त्यात पाच डॉलरची एक नोट वेगळी लागली. म्हणजे हाताला वेगळी. नंतर बघितलं तर शिक्का हिरव्याऐवजी निळा. लायब्ररीच्या मागे जुन्या नाण्यानोटांचं दुकान आहे, तिथे आज दाखवायला गेले. मालक म्हातारे, उंच, गुडघ्याला पट्टा. नाव डेल. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला नुसतं डेल म्हणायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून मनातल्या मनात डेलकाका.

त्यांनी सांगितलं की नोट एकोणीसशे त्रेपन्न सालची आहे, आठ डॉलर देतो. "पण तुला कळलं कसं? लोक तर दोन डॉलरची साधी नोट दुर्मीळ समजून घेऊन येतात आणि घर विकत घेता येईल का विचारतात."

मी म्हटलं, मी नऊ वर्षं बँकेत कॅशियर होते. त्यांनी गंमत म्हणून गल्ल्यातल्या नोटा पुढे सरकवल्या. मी मोजल्या. अंगठ्याखालून एक वीसची नोट गुळगुळीत गेली, ती बाहेर काढून ठेवली. खोटी होती. डेलकाका बराच वेळ ती नोट न बघता माझ्या हाताकडे बघत होते.

आठ डॉलर मी घेतले नाहीत. नोट परत आणली, इथे वहीत आहे.

२६ सप्टेंबर

चार वेळा जाऊन आले. ते शिकवतात, मी ऐकते, मध्येच ढीग लावून देते.

आज एक गोष्ट कळली आणि घरी चालत येताना एकटीच हसत होते. शंभर वर्षांपूर्वी इथे गावोगावच्या बँका स्वतःच्या नावाने नोटा काढायच्या. नोटेवर बँकेचं नाव, गावाचं नाव, आणि खाली दोन सह्या. उजवीकडे अध्यक्षाची, डावीकडे कॅशियरची. कॅशियरची! कराडला आमच्या सहकारी बँकेत मी रोज लाखो रुपये मोजायचे, पण चहाच्या यादीतसुद्धा माझं नाव शेवटी असायचं. आणि इथे कुठल्या खेड्यातला कॅशियर, त्याची सही नोटेवर, शाईने, हाताने केलेली.

अशा नोटेची किंमत तिच्यावरच्या आकड्यावर नसते. गाव जितकं लहान, बँक जितक्या लवकर बुडाली, तितकी नोट महाग. आणि घडी नको, टाचणीचं भोक नको, इस्त्री नको. लोक नोट चकचकीत दिसावी म्हणून धुऊन इस्त्री करून आणतात आणि अर्धी किंमत घालवतात. डेलकाका त्यांना रागावत नाहीत. मी असते तर रागावले असते.

८ ऑक्टोबर

गिरीशला जेवताना विचारलं, माझ्या वर्क परमिटचं काय झालं. तीन-चार वर्षांत विचारलं नव्हतं. तो ताटात बघत म्हणाला, "ग्रीन कार्डची पहिली स्टेप अप्रूव्ह झाल्याशिवाय तुझं परमिट अप्लाय करता येत नाही. आपली केस अडकलीये. लॉयरला पिंग करतो."

पिंग करतो म्हणाला की मी विषय सोडते. कागदपत्रांचं सगळं त्याच्याकडे. पत्रपेटीची किल्लीसुद्धा त्याच्या गाडीच्या किल्ल्यांना लावलेली, मला पत्र तरी कोण पाठवणार.

९ ऑक्टोबर

गिरीश संध्याकाळी चांगलं भिंग, नोटा ठेवायचा अल्बम आणि किमतींचं जाडजूड पुस्तक घेऊन आला. "घरबसल्या कर ना सगळं. दुकानात कशाला उभं राहायचं?"

मनाने वाईट नाही तो. मी काही म्हटलं की दुसऱ्या दिवशी काहीतरी आणतोच. मागे ड्रायव्हिंगवरून भांडण झालं तेव्हा शिलाई मशीन आणलं होतं.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. निळ्या शिक्क्याची नोट पूजेत ठेवली, पण प्लास्टिकच्या पाकिटात. गिरीश हळदकुंकू वाहायला लागला तेव्हा त्याचा हात धरला. केया म्हणाली, "मॉम, यू आर सो इंटेन्स अबाउट धिस." इंटेन्स तर इंटेन्स.

१४ नोव्हेंबर

आज डेलकाकांनी दुकानाचा दरवाजा लावला, 'पंधरा मिनिटांत येतो' ही पाटी फिरवली आणि मला बसायला सांगितलं. मला वाटलं, आता येऊ नकोस म्हणणार.

त्यांचा गुडघा आता उभं राहू देत नाही. जूनअखेर दुकानाचा करार संपतो. मुलगी ओहायोत, तिला यात रस नाही. ते म्हणाले, "जानेवारीपासून तुला पगारावर घेतो. दोन वर्षं माझ्याबरोबर राहा, मग काउंटर तुझा. तू नाही म्हणालीस तर जूनमध्ये बंद करतो. दुसऱ्या कोणाला द्यायचं मनात नाही."

मी परमिटचं सांगितलं. ते म्हणाले, "मग आण ते. मी थांबतो."

घरी येऊन आधी वरण लावलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदाने की कशाने, मलाही नीट सांगता येणार नाही. अकरा वर्षांत माझ्यासाठी कोणी थांबतो म्हणालं नव्हतं.

१५ नोव्हेंबर

गिरीश घाबरला. रागावला असता तर परवडलं असतं. "शुभा, तिथे फुकट काम केलं तरी काम धरतात. उद्या कोणी रिपोर्ट केलं तर? ग्रीन कार्ड गेलं, केयाची शाळा गेली, सगळं गेलं. अकरा वर्षं मी या कंपनीत का कुजतोय? मलापण जॉब चेंज करता येत नाही."

त्याचंही खरं आहे. त्याचे केस गेल्या दोन वर्षांत किती गेले ते मीच बघितलंय. मी म्हटलं, मग परमिटसाठी लॉयरच्या मागे लाग. तो म्हणाला, लागतो.

मी जायचं बंद करणार नाही. काम नाही करणार, नुसतं बघणार.

३ डिसेंबर

लिहून काढल्याशिवाय उद्या उजाडणार नाही.

सकाळी एक शिक्षिका आली. तिच्या आजोबांच्या तिजोरीतलं एक पुडकं, दहा डॉलरच्या मोठ्या आकाराच्या जुन्या नोटा. पर्वतापलीकडच्या एका खेड्यातली बँक, सात-आठ वर्षंच चाललेली. नोटा न वापरलेल्या. डेलकाकांनी वरची नोट उचलली, उजेडात धरली. मग मला हळूच म्हणाले, हिचे एकटीचेच चार हजार.

त्यांना फोन आला. शिक्षिका खुर्चीत बसली होती. डेलकाकांनी फोनवरूनच मला हाताने खूण केली, किती आहेत? मी नुसतं बघणार होते. पण पुडकं हातात आलं आणि अंगठा सुरू झाला. एकदा मोजल्या, उलटून पुन्हा मोजल्या. चोवीस. काउंटरवर बॉलपेन होतं.

कराडला आम्ही शंभर नोटांचं पाकीट मोजून झालं की वरच्या नोटेवर आकडा टाकून खाली सही करायचो. रिझर्व्ह बँकेने नोटेवर लिहू नका म्हणून कितीतरी परिपत्रकं काढली, पण आमचे हेडकॅशियर देवसाहेब म्हणायचे, परिपत्रक रिझर्व्ह बँकेचं, आणि तूट आली तर पगार तुमचा. नऊ वर्षं, दिवसाला दोनशे-तीनशे वेळा. त्या हाताला कराड काय आणि बॉथेल काय.

मी वरच्या नोटेच्या कोऱ्या काठावर लिहिलं: २४. खाली 'शु'. त्याखाली रेघ. रेघ ओढताना कळलं.

डेलकाकांनी फोन ठेवला, नोट बघितली, भिंग लावून पुन्हा बघितली.

"हे काय आहे?"

"चोवीस."

"कोणत्या भाषेत?"

"मराठी."

"आणि हे?"

"मी."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. शिक्षिकेकडे गेले आणि तिला सांगितलं की माझ्या दुकानात माझ्या चुकीने नोट खराब झाली. माझ्या चुकीने, असं म्हणाले. मी बाजूला उभी होते.

५ डिसेंबर

गेले नाही. फोन आला, घेतला नाही.

११ डिसेंबर

गेले. डेलकाकांनी ती नोट त्या बाईंकडून पूर्ण किमतीला विकत घेतली. आता तिचे फार तर दीड हजार येतील. मी म्हटलं, पैसे मी देईन. कुठून देणार होते देव जाणे, माझ्या नावावर इथे लायब्ररीचं कार्ड सोडून काही नाही.

ते म्हणाले, पैशाचं सोड, दुकानाचा विमा आहे, कर्मचाऱ्याच्या हातून नुकसान झालं तर भरून मिळतं. "फॉर्ममध्ये विचारलं होतं, नोट कोणी हाताळली. मी लिहिलं, कोणी नाही. मग क्लेमही नाही, नुकसान माझं."

त्यांनी मला वाचवायला लिहिलं. माझं नाव कागदावर गेलं असतं तर गिरीश म्हणतो ते सगळं झालं असतं. मला कळतं ते. तरी 'कोणी नाही' हे शब्द रस्ताभर माझ्याबरोबर चालत आले. ज्या एका ठिकाणी मी कोणीतरी आहे असं वाटत होतं, तिथेही कागदावर नाहीच.

निघताना म्हणाले, "माझी ऑफर आहे तशीच आहे. पण आता तू कागदावर हवीस. या वयात मला पुन्हा खोटं लिहायला लावू नकोस."

२० डिसेंबर

गिरीशला सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. त्याने पहिला प्रश्न विचारला, "तुझं नाव कुठे लिहिलंय का?" नाही म्हटल्यावर त्याचे खांदे खाली आले. "गुड. बरं झालं."

मग मी परमिटचं विचारलं. म्हणाला, लॉयर हॉलिडेवर आहे. हे मला पटलं. ख्रिसमसला इथे सगळेच सुटीवर असतात.

१६ जानेवारी, गुरुवार

रेणूकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. रेणू शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहते, मूळची नागपूरची, तिचं परमिट चार वर्षांपासून आहे, एका लॅबमध्ये जाते. तिळगूळ देता-घेता मी म्हटलं, आमची ग्रीन कार्डची पहिलीच पायरी अडकली, म्हणून माझं परमिट नाही.

ती वाण वाटायचं थांबली. "काय बोलून राहिली तू? किती वर्षं झाली तुम्हाला?"

"अकरा."

"अगं यार, नवऱ्यांचा एच-वन व्हिसा सहा वर्षांच्या वर एक्स्टेंड होतो तो ती स्टेप पुढे गेल्यावरच. निदान केस फाइल होऊन तरी पाहिजे. तुमचा अकरा वर्षं चाललाय, म्हणजे तुमचं अप्रूव्हल कधीच आलं असणार. गिरीशला नीट विचार, त्याचं कन्फ्युजन झालं असेल."

मग कोणीतरी साडीचं कौतुक केलं. मी दोन गुळपोळ्या खाल्ल्या आणि घरी आले.

कन्फ्युजनच असेल. गिरीश कामात इतका असतो.

१८ जानेवारी, शनिवार

गिरीश केयाला बॅडमिंटनला घेऊन गेला. मी कपाटावरची निळी फाइल काढली. कुलूप नव्हतं. अकरा वर्षं ती तिथेच होती, मी दर दिवाळीला तिच्यावरची धूळ पुसलीये.

अप्रूव्हलचं पत्र सापडलं. मार्च २०१८.

त्याच्यामागे लॉयरच्या ऑफिसची पत्रं. पहिलं, एप्रिल २०१८: पत्नी आता वर्क परमिटसाठी अर्ज करू शकतात, सोबतच्या फॉर्मवर त्यांची सही घेऊन पाठवावा. दुसरं, जुलै: आमच्या आधीच्या पत्राची आठवण. तिसरं, पुढच्या वर्षीचं: आपल्याकडून उत्तर न आल्याने आम्ही हे प्रकरण बंद समजत आहोत. फॉर्म तिथेच होता. गिरीशच्या सुवाच्य अक्षरात सगळं भरलेला, आईवडिलांची नावं, जन्मगाव, पासपोर्टचा नंबर. मागे माझे दोन फोटो टाचलेले, चौतिसाव्या वर्षीचे.

मी कागद तारखेप्रमाणे लावले आणि तिथेच जमिनीवर बसून राहिले. खोटी नोट मी डोळे मिटून ओळखते. या माणसाच्या शब्दावर मात्र मी एकदाही अंगठा फिरवून बघितला नाही.

१९ जानेवारी

केया मैत्रिणीकडे गेल्यावर फाइल डायनिंग टेबलवर ठेवली. गिरीश बघताच बसला.

आधी म्हणाला, केया लहान होती. खरं आहे, सहा वर्षांची होती. मग म्हणाला, तू जॉब केला असतास तर डेकेअरचा खर्च निघाला नसता. मग म्हणाला, राहूनच गेलं.

मी म्हटलं, सात वर्षं कोणाचं राहून जात नाही. फॉर्म भरून ठेवलास, सही मागितली नाहीस. का?

मग बोलला ते शब्द जसेच्या तसे लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला मऊ करता येणार नाहीत. "घरी आलो की तू असायचीस. ऑफिसात काहीही होऊ दे, घरी सगळं जागेवर असायचं. मला ते हलवायचं नव्हतं. तू दर महिन्याला विचारायचीस तेव्हा गिल्टी वाटायचं. मग तू विचारायचं थांबलीस आणि मला सुटल्यासारखं झालं."

त्याला सुटल्यासारखं झालं. मला ते वर्ष आठवतं. त्या वर्षी मी ठरवलं होतं की आता नशिबाशी भांडायचं नाही, आणि आईला फोनवर सांगितलं होतं, मी इथे सुखात आहे.

मी ओरडले नाही. ओरडायला हवं होतं असं आता वाटतंय. टेबलवरचे कागद गोळा केले आणि म्हटलं, फाइल आता माझ्याकडे राहील.

२८ जानेवारी

नवीन फॉर्म मी स्वतः भरला. तीन बैठका लागल्या. 'याआधी नोकरी केली आहे का' याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नाही, तो प्रश्नच नाही. फोटोसाठी केयाने फोन धरला. "डोन्ट स्माइल, मॉम. दे डोन्ट लाइक इट." मग विचारलं, "व्हॉट्स इट फॉर?"

"नोकरीसाठी."

"यू? हॅव यू एव्हर हॅड अ जॉब?"

मी सांगितलं, नऊ वर्षं, बँकेत. तिला माहीतच नव्हतं. मी कधी सांगितलंच नाही की तिने कधी ऐकलं नाही, आठवत नाही. तिने फोटो तीनदा काढला, तिन्ही वेळा मी ओठ घट्ट मिटलेली दिसते.

३ फेब्रुवारी, सोमवार

अर्ज पोस्टात टाकला. नवीन लॉयर म्हणते, सहा महिने धरा, आठही लागतील. म्हणजे जून गेला. डेलकाकांना जाऊन सांगितलं. ते कॅलेंडरकडे बघत राहिले. घरमालकाला तीन महिने वाढवून मागतो म्हणाले, देईल याची खात्री नाही, गुडघ्याचीही नाही. तोवर मी दुकानात काउंटरच्या आत जाणार नाही असं त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. दोघांनाही त्याचं वाईट वाटलं आणि दोघांनीही ते लपवलं नाही.

म्हणजे पुन्हा हाच सोफा. दुकान तोवर असेल की नाही, देव जाणे.

संध्याकाळी गिरीशला सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "मग तोपर्यंत जात जा ना तिथे. कोण बघतंय? आठवड्यातून दोन दिवस, क्वाएटली." नोव्हेंबरमध्ये याच माणसाने मला रिपोर्टची भीती घातली होती. त्याला भरपाई करायची आहे, मला दिसतंय. पण भिंग आणि अल्बमनंतर आता तो मला बेकायदा हिंडायची परवानगी भेट देतोय. मी नको म्हटलं. तिथे जाईन ती नावानिशी.

जेवणं झाल्यावर तो ओट्यापाशी उभा राहिला. भांडी पुसायला घेतली, जी तो कधी पुसत नाही. एकच ताट बराच वेळ पुसत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "परमिट आल्यावर... तू राहशील ना?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. कुठे राहशील, दुकानात की अमेरिकेत? मग कळलं. अकरा वर्षांत हा प्रश्न त्याच्या मनात कधी आला नव्हता, कारण मी जाणार कुठे होते. न गाडी, न पगार, न स्वतःच्या नावाचा कागद. मी राहायचं ठरवून राहिले नव्हते, जाता येत नव्हतं म्हणून होते, आणि आम्ही दोघांनीही त्याला संसार म्हटलं.

त्याने पुन्हा विचारलं नाही. उद्याच्या डब्यासाठी कणीक भिजवायची होती, ती भिजवली.